स्थापना १९३१

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, हे आधी सांगतो.
पुढचं मग समजायला सोपं.

एकसष्टचा पोळा होऊन गेलेला.
पारोळ्याच्या बालाजी प्रेसमध्ये मी नवा जुळारी,
बोटांना शाई, ओठावर मिसरूड नाही अजून.
सुपडू वाणी आला, बगलेत पत्र्याचा डबा.
डब्यात बाभळीचा कोळसा, सैंधव, तुरटी, लवंग, हिरडा
आणि काहीतरी सहावं, जे त्यानं
बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे
(कुटलं तिनंच होतं).
नाव ठरवून आणलेलं : कुंदकळी दंतमंजन.
"खाले बारीक टाक, स्थापना, आनि यंदानं साल."

मी सहाच्या खणात बोट घातलं.
तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात,
लोक छत्तीसचा आकडा उगाच म्हणत नाहीत.
पण शिशात उलटे झाले की
तीन सहासारखा दिसतो, सहा तीनसारखा,
कोण कोणावर रुसलंय कळत नाही.
खण कोणी मिसळून ठेवले होते, कदाचित मीच.
पाच हजार लेबलं निघाली, पिवळ्यावर काळी :
स्थापना १९३१.

मालकानं कानाखाली मोजून दोन दिल्या.
सुपडूशेठनं लेबल उन्हात धरलं, बराच वेळ.
मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे भाऊ.
वय वाढनं म्हंजे मोल वाढस."
आणि मला एक डबा फुकट.

पहिली विक्री सारंगखेड्याच्या घोडेबाजारात.
एका व्यापाऱ्यानं मंजनात बोट बुडवलं
आणि घोडीचे दात चोळले.
घोड्याचं वय दातांवरून काढतात.
अकरा वर्षांची घोडी सातची म्हणून खपली,
दुपारपर्यंत डबे संपले.
माणसांपैकी कोणी दात घासले का, ठाऊक नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात लवंग परवडेना,
गेरू आला, काळी कुंदकळी लाल झाली.
"नवीन! सुधारित!" मीच जुळवलं.
प्रेसमध्ये उद्गारचिन्हं तीन,
तिसरं एका लग्नपत्रिकेत अडकलेलं.
मग पत्रा जाऊन प्लास्टिकची बाटली,
तिचं झाकण बसेना,
धुळे गाडीत कितीतरी धोतरं गुलाबी झाली.

एक्क्याऐंशीला सुवर्णमहोत्सव.
मांडव, जिलबी, धुळ्याहून बँड.
वक्ते म्हणाले, पन्नास वर्षांपूर्वी शेठजींनी हे रोप लावलं.
शेठजी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे.
पहिल्या रांगेत त्यांची आई बोटांवर काही मोजत होती,
दोनदा मोजलं,
मग पदर सावरून तिनं टाळ्या वाजवल्या.

पेस्टही काढली होती मुलानं, अठ्ठ्याऐंशीत.
भुसावळच्या मे महिन्यात ट्यूबा फुगल्या.
त्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

प्रेस मोडली तेव्हा शिसं किलोवर गेलं.
एक खिळा मी खिशात टाकला.
सहा आहे की तीन, आता
चष्म्यानंही नीट कळत नाही.

परवा पुण्याहून नातू आला, निनाद.
"काका, आम्ही कुंदकळी परत आणतोय.
ते एकतीस साल, त्याची गोष्ट सांगा ना,
खोक्यावर छापायचीय."
मी सांगितली. सगळी. थपडांसकट.
तो हसला, मोबाइलवर टिपून घेतलं,
महिन्यानं कुरिअर आलं.
खाकी खोकं, वर बैलगाडीचं चित्र,
"१९३१ पासून, पारोळ्याच्या मातीतून."

मोरीतल्या आरशासमोर सहज धरलं.
तीनचा तेवढा सहा झाला,
बाकीचं काही वाचता येईना.

चार दात उरलेत. त्यांना थोडं लावून पाहिलं.
कोळसा आहे, लवंगही परत आलीय.
सहावी वस्तू मात्र त्यांना सापडलेली नाही,
चवीवरून सांगतो.